ब्लॅक अँड व्हाईट प्रिंटला कोणती शाई? राखाडी दिवसा हिरवट, रात्री गुलाबी दिसतोय

छाया_प्रकाश:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा शायांचा टँकवाला प्रिंटर आहे, सगळ्या डाय शाया (रंग पूर्ण विरघळलेल्या), काळी एकच, बाकी सायन, मजेंटा, पिवळी, लाइट सायन, लाइट मजेंटा. आजीच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन केल्यात आणि त्यातली एक मोठी प्रिंट करून लावायचीय. प्रॉब्लेम असा की खिडकीपाशी धरला की चेहऱ्यावर हिरवट झाक येते आणि रात्री पिवळ्या बल्बखाली तोच प्रिंट गुलाबीसर दिसतो. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल केलं तर झाक जाते पण मग गालावर बारीक काळे ठिपके दिसायला लागतात, सुरकुत्यांमधला मऊपणा पार जातो. शाई बदलू का? पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) घेऊ की ती कार्बनवाली, काजळीच्या कणांची? खूप वाचलं आणि जास्तच गोंधळ झाला.

राखाडी_छटा:
शाई बदलायच्या आधी हे नक्की काय होतंय ते बघा. तुमच्या प्रिंटरकडे राखाडी शाईच नाहीये, त्यामुळे तो रंगीत शाया मिसळून राखाडी बनवतो आणि असं मिश्रण प्रत्येक उजेडात वेगळं दिसतं, यालाच सगळे मेटामेरिझम म्हणतात. आणि नुसती काळी वापरली की फिकट भागात ठिपके लांब लांब पडतात, ते डोळ्याला दिसणारच. यावर उपाय म्हणजे पातळ केलेल्या काळ्या शाया. एप्सनने 2005 मध्ये के3 शाया आणल्या त्या याचसाठी, काळी, तिच्यापेक्षा फिकट आणि त्याहून फिकट अशा तीन. कॅननच्या प्रो-1000 मध्ये पण 12 टाक्यांमध्ये मॅट ब्लॅक, फोटो ब्लॅक, ग्रे आणि फोटो ग्रे आहेत. यांच्यातही टोन जुळवायला थोडा रंग पडतोच पण अगदी कमी, म्हणून उजेड बदलला तरी प्रिंट फारसा हलत नाही. मला विचाराल तर ब्लॅक अँड व्हाईट मनापासून करायचं असेल तर निदान एक तरी ग्रे शाई असलेला प्रिंटर हवाच.

मॅटपेपर:
वरचं बरोबर आहे पण कागद कुठला ते कुणीच विचारलं नाही, माझ्या मते आधी कागद ठरवा आणि मग शाई. पिगमेंटमध्ये मॅट ब्लॅक ही मॅट आणि कॉटन कागदासाठी असते, ग्लॉसी किंवा बरायटावर (बेरियमचा थर दिलेला चमकदार फोटो कागद) टाकली तर नीट धरत नाही, बोट फिरवलं की काळं बोटाला येतं. तिथे फोटो ब्लॅकच लागते. उलट फोटो ब्लॅक मॅट कागदावर टाकली तर काळा फिका, धुरकट पडतो. मॅटवर चांगला काळा मोजला तर साधारण 1.6-1.7 डीमॅक्स (सगळ्यात गडद काळ्याचं माप, जास्त म्हणजे जास्त काळा) मिळतो, बरायटावर 2.2 च्या वर जातो. आकडा बघून मॅट सोडू नका मात्र, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याला मॅट कागद फार छान दिसतो, चमक मध्ये येत नाही. आणि प्रिंट निघाल्या निघाल्या टोन ठरवू नका, एक दिवस वाळू द्या, फ्रेम त्यानंतरच, नाहीतर काचेला आतून धूसर थर धरतो.

काजळी:
कार्बनबद्दल मी सांगते, चार वर्षं तेच वापरतेय. एक जुना पिगमेंट प्रिंटर फक्त यासाठी ठेवलाय, सगळ्या टाक्यांत काळ्याच्याच वेगवेगळ्या छटा, आणि क्वाडटोनरिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट. पीझोग्राफी ब्रँडच्या शाया या पद्धतीच्याच. छटा इतक्या सलग उतरतात की भिंग लावल्याशिवाय ठिपका सापडत नाही. पण शुद्ध कार्बन उबदार असतो, तपकिरीकडे झुकणारा. न्यूट्रल, म्हणजे कुठलीच झाक नसलेला, हवा असेल तर त्यात निळसर पिगमेंट घालावं लागतं आणि ते कार्बनपेक्षा लवकर उडतं. मी एकदा एका कंपनीची स्वस्त "न्यूट्रल" शाई घेतली होती, तिचं नाव नाही सांगत. आठ महिन्यांनी फ्रेम उघडली तर माउंटखाली (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याखाली) झाकलेली बोटभर पट्टी होती तशी राखाडी आणि मधला सगळा फोटो मातकट. तो फोटो माझ्या वडिलांचा होता, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून नवीन शाई आली की आधी फिकट ते गडद 21 पट्ट्यांचा प्रिंट काढते, अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीला चिकटवते आणि दर महिन्याला पुठ्ठा उचलून बघते. ताई/दादा, तुम्हीही हे करा, आणि तुमच्या डाय शाईचं पण करा. आणखी एक, कार्बन घेतली तर दर आठवड्याला काहीतरी छापावंच लागतं, पिगमेंट खाली बसतं आणि नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) बंद होतात. महिन्यातून एखादा फोटो काढणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

राखाडी_छटा:
एक विचारायचं राहिलं, नोझल चेक केलात का? लाइट मजेंटाच्या दोन-चार नोझल बंद असल्या तरी राखाडी हिरवा होतो.

छाया_प्रकाश:
आत्ता केला. लाइट मजेंटात खरंच दोन ठिकाणी रेघ तुटलीय!! एकदा हेड क्लीनिंग केलं, आता पॅटर्न पूर्ण आहे. परत प्रिंट काढला तर खिडकीतला हिरवटपणा बराच गेला, बल्बखालचा गुलाबी मात्र तसाच.

राखाडी_छटा:
म्हणजे हिरवा नोझलचा होता आणि गुलाबी मिश्रणाचा. फोटो जिथे लावणार तिथला दिवा कोणता? रात्री तिथेच प्रिंट धरून बघा आणि ड्रायव्हरमध्ये मजेंटा एकेक अंकाने कमी करत चार छोटे तुकडे काढा. त्या एका जागेपुरतं याच शाईत जमेल.

छाया_प्रकाश:
जिन्याजवळची भिंत आहे, ऊन येत नाही, दिवा दिवसभर चालूच असतो. आज रात्री तुकडे काढते. @काजळी ताई, पट्टी पण लावते खिडकीला, मॅट कागदावरच.