टीईटीवर एवढा राग, मग ‘प्रभारी’ पदांवर सगळे गप्प का?

खडूफळा
काल इथेच एका सरांनी लिहिलं, "वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाची पात्रता आता परीक्षा घेऊन ठरवणार? हा गुरुजनांचा अपमान आहे." खाली सगळे "अगदी बरोबर, सर". मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळ्यांना पाठ आहे. आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील तर दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं. कमी असतील तर नोकरी राहील, पण बढती हवी तर टीईटी हवीच. नोकरीवर सगळे बोलतात, बढतीवर कोणी बोलत नाही. कारण जिल्हा परिषदेत बढतीची वाट कोण बघतो? चार्ज मिळतो, म्हणजे बढती न देता वरच्या पदाचं काम सोपवतात. शाळेला प्रभारी मुख्याध्यापक, बीटाला (काही केंद्रांच्या गटाला) प्रभारी विस्तार अधिकारी, वर प्रभारी गटशिक्षणाधिकारी. आमच्या तालुक्यात एकच सर शाळेचे प्रभारी आणि केंद्राचेही, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचेही, प्रभारी. स्वतःच्याच शाळेच्या शेरेबुकात त्यांनी लिहिलंय, "शाळेस भेट दिली. गुणवत्ता समाधानकारक. सूचना दिल्या." खाली केंद्रप्रमुख म्हणून सही आणि मुख्याध्यापक म्हणून पोचही त्यांचीच. मी स्वतः पाहिलंय.

माझी मागणी साधी आहे. कोणत्या खुर्चीवर कोण बसलंय, त्याचं शिक्षण काय, चार्ज कोणत्या आदेशाने आणि कधीपासून, याची यादी दरवर्षी पंचायत समितीत लागावी. आणि ती तालुक्याबाहेरच्या माणसाने तपासावी.

वस्तीशाळा ते झेडपी
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीत. आम्ही लागलो तेव्हा जाहिरातीत बारावी आणि डीएड होतं, ते आमच्याकडे होतं. २३ ऑगस्ट २०१० च्या एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) अधिसूचनेत आधी लागलेल्यांना सूट होती. राज्यात टीईटी आली २०१३ मध्ये. नियम सरकारने बदलले आणि पन्नाशीत गाईड घेऊन बसायचं आम्ही?

आणि चार्जचं म्हणाल तर तो कोणी मागून घेत नाही. १५० पट (विद्यार्थिसंख्या) असल्याशिवाय प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाचं पदच मंजूर होत नाही. साठ पटाच्या शाळेत जो ज्येष्ठ, त्याच्या गळ्यात ते पडतं. यू-डायसवर शाळेची माहिती, पोषण आहाराची नोंद, शालार्थवरची पगारबिलं, सगळं त्याच्याच मोबाइलवर. या कामाचा वेगळा एक रुपया मिळत नाही.

खडूफळा
१५० पटाचं मान्य, लहान शाळांना पद नाही हे मी लिहायला हवं होतं. पण केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी ही तर मंजूर पदं आहेत ना? ती वर्षानुवर्षं चार्जवर का चालतात? त्यात शिक्षकाचा दोष नाही, पण पोरांचा तरी काय आहे?

सातवीचा बाप
तुमचे जीआर तुम्हाला लखलाभ. माझ्या मुलीला सहावीत विज्ञान भाषेच्या सरांनी शिकवलं. विज्ञानाचा पदवीधर शिक्षक वर्षभर मिळाला नाही. प्रकाशाच्या धड्यातल्या आकृत्या सरांनी फळ्यावर काढल्याच नाहीत, "पुस्तकात आहेत, बघून घ्या". शेवटी तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला टाकली.

निवृत्त केंद्रप्रमुख
तिथल्या विज्ञानाच्या मिसचं शिक्षण विचारलंत का? आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) शिक्षकांच्या पात्रतेचं कलम २३ खासगी शाळांनाही लागू आहे, हे पालकांना कोणी सांगत नाही. झेडपीच्या शिक्षकाचं निदान सेवापुस्तक तरी असतं.

सातवीचा बाप
नाही विचारलं. पण ती मिस रोज वर्गात असते.

वस्तीशाळा ते झेडपी
म्हणजे आम्ही रोज नसतो? शब्द मागे घ्या. मला बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार पाठवतं ते प्रशासन. तुमच्या मिसला कोणी पाठवतं का? फी भरता तिथे तोंड उघडत नाही आणि फुकटच्या शाळेला मात्र शंभर प्रश्न!

सातवीचा बाप
तुम्हाला उद्देशून नव्हतं, तेवढं मागे घेतो. पण फी मी हौसेने भरत नाही, सोयाबीनला काय भाव मिळाला ते बघा. शिक्षक मिळाला असता तर पोरगी गावातच शिकली असती.

गणिताची बाई
मी आहे अशीच एक "मिस". बीएस्सी बीएड, टीईटी पास, आणि पगार सांगायची लाज वाटते असा. माझ्या शेजारच्या वर्गावर बारावी झालेली मुलगी आहे. तपासणी आली की तिला ऑफिसात बसवतात आणि हजेरीपटावर दुसऱ्याच बाईंचं नाव असतं. त्या बाईंना आम्ही कधी पाहिलेलं नाही. तेव्हा केंद्रप्रमुख काकांनी झेडपीची बाजू घेतली ते बरं वाटलं, पण आमच्या शाळेत तुमच्या खात्याचं कोणी का फिरकलं नाही, तेही सांगा.

निवृत्त केंद्रप्रमुख
खासगी शाळेत आम्हाला मानच नसतो, संस्थाचालक आधी फोन कोणाला लावायचा ते ठरवतो. हे कारण पुरेसं नाही, हे कळतं मला.

पवित्रची वाट बघणारा
कागद तपासा म्हणता, पण २०१९-२० च्या टीईटीत ७,८०० हून जास्त उमेदवार गैरप्रकारात सापडले. त्यातले काही नोकरीला लागलेसुद्धा होते. प्रमाणपत्राची झेरॉक्स साक्षांकित करून सेवापुस्तकाला लावली की पडताळणी झाली, असं चालत असेल तर यादी लावून काय उपयोग? टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेकडून निकाल थेट जुळवून घ्यायला हवा. मी दोनदा पास होऊन ‘पवित्र’ पोर्टलवरच्या शिक्षकभरतीची वाट बघत घरी बसलोय, त्यामुळे मला हे जास्त टोचतं.

वस्तीशाळा ते झेडपी
हे मात्र खरं. बोगसवाल्यांमुळे आमच्याकडेही संशयाने बघतात. लावा यादी, माझं नाव सगळ्यात वर लिहा. फक्त एक अट, त्याच यादीत रिक्त पदंही लिहायची, किती वर्षं रिक्त आणि भरायची जबाबदारी कोणाची, तेही. टीईटीचं माझं मत बदललेलं नाही.

खडूफळा
रिक्त पदांचा रकाना मंजूर. टीईटीवर आपलं जमणार नाही.

सातवीचा बाप
धाकटा अजून गावातल्याच शाळेत दुसरीला आहे आणि मी व्यवस्थापन समितीत आहे. पुढच्या बैठकीत संचमान्यतेची (शाळेला मंजूर शिक्षकपदांच्या तक्त्याची) प्रत मागतो. सर, अर्ज कोणाच्या नावाने करायचा? आमच्याकडे गटशिक्षणाधिकारी पण प्रभारीच आहेत.