बीआरटी मोजायची कशी: गाड्या की माणसं?

सिग्नलशेजारी:
बीआरटी (बससाठी राखीव लेन) ठेवायची की काढायची, हा वाद निघाला की कुणीतरी अभ्यास पुढे करतो. आधी विचारा, मोजलं काय? दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किमीचा मार्ग २००८ साली सुरू झाला. २०१२ मध्ये प्रकरण हायकोर्टात असताना सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा अहवाल बीआरटी नसलेली बरी, या बाजूने झुकला. त्यात माणसांपेक्षा गाड्यांना वजन दिलंय, अशी टीका झाली. कोर्टाने बीआरटीविरुद्धची याचिका फेटाळली. (२०१६ मध्ये मार्ग उखडलाच, ते वेगळं.) गाडी रस्ता किती अडवते, ते पीसीयूत मोजतात. आयआरसी १०६ या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात कार म्हणजे १ पीसीयू आणि बस, रहदारीत तिचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं की, ३.७. तेवढ्या कारमध्ये, गाडीमागे दीड माणूस धरला तर, साडेपाच जण. बसमध्ये पन्नास. पीसीयूत हे पन्नास जण दिसतच नाहीत.

दुचाकी_हिशोब:
मेख इथेच आहे. कारशी तुलना सोयीची, पण पुण्यात लेन भरते दुचाक्यांनी. त्याच तक्त्यात, प्रमाण १० टक्क्यांवर असलं की दुचाकीला ०.७५. सिग्नलवरची लेन तासाला १००० पीसीयू सोडते असं धरा: १३३३ दुचाक्या, दुचाकीमागे १.३ माणसं, म्हणजे १७३३ जण. बसमध्ये सरासरी ४० धरले तर तासाला ४३ बस आल्या तरच लेन वसूल. दर दहा मिनिटांनी बस येत असेल तर २४० जणांसाठी १७०० जण ताटकळणार.

सिग्नलशेजारी:
दहा मिनिटं ही एका मार्गाची. आठ मार्ग एकाच लेनमध्ये आले की ४८ बस झाल्या.

मागची_बस:
झाल्या, पण कागदावर. आणि दुचाकीला ०.७५ ऐवजी ०.५ धरा, मग ४३ च्या ६५ होतात. एका गुणांकावर निकाल फिरतो, म्हणून दोन्ही गुणांकांचे आकडे छापले नाहीत तर अहवाल बाजूला ठेवावा.

खरी गडबड थांब्यावर होते. बस नियमित असेल तरच सरासरी वाट म्हणजे दोन बसमधल्या वेळेच्या निम्मी. या वेळेचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनची चढउतार) सरासरीइतकं झालं की वाट दुप्पट: दहा मिनिटांच्या बससाठी पाच नव्हे, दहा. उशिरा आलेल्या बसला गर्दी जास्त, दारात वेळ जास्त, ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी येऊन तिला चिकटते. दिल्लीत थांबे चौकाच्या तोंडाशी आणि सिग्नलची फेरी लांब, त्यामुळे राखीव लेनमध्येही बसच्या रांगा. जीपीएसवरून काढलेल्या वेगात ही वाट येत नाही.

दुचाकी_हिशोब:
म्हणजे लेन आधी, शिस्त नंतर? उलट करा. सिग्नलची फेरी आणि वेळापत्रक सुधारलं तर बऱ्याच ठिकाणी लेन लागणारही नाही.

खिडकीगणक:
त्याआधी बसमधले ते सरासरी ४० जण कुठून आले? थांब्यापाशी मोजलं तर चढ-उतार चालू असते, आकडा हमखास चुकतो. दोन थांब्यांच्या मध्ये उभं राहून गर्दीच्या पायऱ्या नोंदवा: निम्म्या सीट, सगळ्या सीट, थोडे उभे, गच्च, दारात लोंबकळणारे. दर १५ मिनिटांचा वेगळा कागद. मोजणाऱ्यांना आधी एकच बस मोजायला लावा, दोघांत पाचेक माणसांचा फरक सहज निघतो. तिकीट मशीनवर विसंबू नका, पासवाले तिथे बऱ्याचदा सुटतात. आणि सकाळी शहराकडे येणाऱ्याच बाजूचं मोजून दिवसभराचं सांगू नका, परतणारी बस अर्धी रिकामी असते.