पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरचे सिक्युरिटी अपडेट्स कसे सोडावेत? सल्ला हवा

शाखा_सर्व्हर
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेत मुख्य कार्यालय आणि शाखा धरून चाळीसेक लिनक्स सर्व्हर आहेत. बहुतेक उबुंटू २२.०४, डेटाबेस आल्मालिनक्स ९ वर, आणि एका जुन्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरपायी एक सेंटओएस ७ अजून चालू आहे. महिनाअखेरीस मी आणि सहकारी एकेका मशीनवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरून अपडेट मारतो. शाखांचं नेट इतकं तोकडं आहे की दिवसा डाउनलोड लावलं तर काउंटर अडतो. आता व्यवस्थापन म्हणतंय, प्रत्येक अपडेटला लेखी मंजुरी घ्या, मगच सोडा. लायसन्सवर फार खर्च जमणार नाही. तुमच्याकडे हे कसं चालतं?

रेपोवाला
आधी मंजुरीचं बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. ‘सही झाल्याशिवाय सोडायचं नाही’ हा नियम सिक्युरिटी अपडेटला लावूच नका. सही करणारे साहेब रजेवर गेले की चाळीस मशीन उघडी राहतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नियम उलटा करा. अपडेट ठरल्या वेळी आपोआप पुढे जाईल. ज्याला तो थांबवायचा असेल त्याने कारण लिहून, नावानिशी थांबवायचा, आणि ती स्थगिती आठवड्यात आपोआप उठली पाहिजे. व्यवस्थापनाला हवी ती लेखी नोंद यातूनही मिळते.

मग मुख्य कार्यालयात स्वतःची रेपो, म्हणजे पॅकेजेसचा साठा, उभी करा. उबुंटूसाठी ॲप्टली हे रेपो सांभाळायचं साधन पुरेसं आहे आणि फुकट आहे. रोज रात्री मिरर (मूळ रेपोची नक्कल) ताजा करायचा, त्याचा तारखेनिशी स्नॅपशॉट (त्या दिवशीची गोठवलेली स्थिती) घ्यायचा. तो आधी चाचणीच्या मशीनवर, दोन दिवसांनी एक-दोन शाखांत, चौथ्या दिवशी सगळीकडे. पुढे सरकवायचा तो तोच स्नॅपशॉट. मध्येच नवा घेतलात तर चाचणी एका गोष्टीची होते आणि शाखेत लागतं दुसरंच. शाखांनी रात्रीच ओढायचं, म्हणजे काउंटरला त्रास नाही. रेपोवर स्वतःच्या जीपीजी किल्लीने डिजिटल सही करा आणि ती किल्ली फार जणांच्या हाती देऊ नका. ज्याच्याकडे ती गेली, तो तुमच्या सगळ्या सर्व्हरवर हवं ते चढवू शकतो.

इथे एक गोष्ट हमखास नडते. उबुंटूचं आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स पॅकेज रेपोचा ‘ओरिजिन’ (ती कोणाची हे सांगणारी खूण) बघून ठरवतं की हे सिक्युरिटीचं आहे का. ॲप्टलीतून प्रकाशित करताना ओरिजिन वेगळा पडला, तर ते काहीच बसवत नाही आणि एररही देत नाही. लॉगमध्ये रोज ‘अपग्रेड करण्यासारखं काही नाही’ एवढंच दिसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात एखादं जुनं पॅकेज मुद्दाम ठेवून ते खरंच बदलतंय का ते बघा. आल्मालाही असंच आहे. रेपोसिंकने रेपोची नक्कल करताना मूळ मेटाडेटा (पॅकेजेसबद्दलची माहिती) सोबत उतरवून घ्या. तो टाकून नवा बनवलात तर कोणतं अपडेट सिक्युरिटीचं ही माहितीच गळते, आणि ‘फक्त सिक्युरिटी’ म्हटलं की डीएनएफ (आल्माचं पॅकेज बसवणारं साधन) रिकाम्या हाताने परत येतं.

रात्रपाळी
रेपोवाल्यांशी सहमत. फक्त एक भर. पॅकेज बसलं म्हणजे भोक बुजलं असं नाही. ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनची) लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) तर रीबूटशिवाय काहीच होत नाही. उबुंटूवर नीडरीस्टार्ट आणि ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल, आल्मावर नीड्स-रीस्टार्टिंग, यांवरून काय रीस्टार्ट करायचं राहिलंय ते कळतं; यांचा निकाल रोज सकाळी अॅन्सिबलने (एकदम अनेक मशीनवर काम करणाऱ्या साधनाने) एका ठिकाणी गोळा करा. आमच्या तक्त्यात ‘बसलेला कर्नल’ आणि ‘चालू कर्नल’ असे दोन वेगळे रकाने आहेत. मी सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा तेच बघतो.

डेटाबेसचं पॅकेज मात्र आपोआप अपडेटमधून वगळा आणि ठरलेल्या रात्री हाताने करा, बॅकअप परत चढवून बघितल्यावरच.

शाखा_सर्व्हर
दोघांचेही मनापासून आभार. ओरिजिनचं माहीत नव्हतं. अजून एक. ऑडिटरचा स्कॅनर म्हणतो, ओपनएसएसएच (एसएसएच लॉगिनचं सॉफ्टवेअर) ९.८ हवं, तुमच्याकडे ८.९ आहे, म्हणजे असुरक्षित. खरं आहे का?

रेपोवाला
ते १ जुलै २०२४ ला जाहीर झालेल्या ‘रेग्रेएसएसएचअन’ या सुरक्षा-त्रुटीबद्दल असणार, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती ९.८ मध्ये दिली, पण उबुंटू, डेबियन, रेड हॅट हे आवृत्ती न बदलता फक्त दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणतात. २२.०४ वर ८.९पी१-३उबुंटू०.१० किंवा त्यापुढचं असेल तर ती लागलेली आहे. शेपटाकडचा आकडा बघायचा, सुरुवातीचा नाही. ऑडिटरला पूर्ण आवृत्ती आणि उबुंटूची त्या सीव्हीईची अधिकृत सूचना जोडून द्या. स्कॅनरला गप्प करायला बाहेरून ९.८ स्वतः कंपाइल करून अजिबात बसवू नका. त्यापुढचे सगळे अपडेट तुमच्या गळ्यात पडतील.

जाता जाता, ‘युनिव्हर्स’ मधल्या, म्हणजे समुदायाने सांभाळलेल्या, पॅकेजेसचे सिक्युरिटी अपडेट्स बरेचदा उबुंटू प्रो या वेगळ्या वर्गणीतूनच येतात. तिथलं काय काय वापरता ते तपासा.

जुनाजाणता
सेंटओएस ७ बद्दल कोणी बोललं नाही. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. वरच्या सगळ्या व्यवस्थेतून त्याला काहीही मिळणार नाही. आल्माच्या ‘एलिव्हेट’ या साधनाने ते आल्मा ८ वर आणि तिथून ९ वर नेता येतं, पण आधी व्हीएमची (आभासी मशीनची) प्रत काढून तिच्यावर करून बघा. रिपोर्टिंग सॉफ्टवेअर नव्यावर चालत नसेल तर ते मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) टाका, इंटरनेट पूर्ण बंद, आणि डेटाबेसकडे फक्त वाचण्याचा हक्क. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून नव्या आवृत्तीची तारीख लेखी घ्या. व्यवस्थापनाची सही खरी लागते ती इथे, हे मशीन चालू ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्या कागदावर.

शाखा_सर्व्हर
व्हीएमची प्रत आजच काढतो. त्या सॉफ्टवेअरला डेटाबेसमध्ये एक तात्पुरतं टेबल लिहावं लागतं, त्यामुळे नुसत्या वाचण्याच्या हक्कावर अडेल असं वाटतं. त्या टेबलापुरता वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) देऊन चालेल का?

जुनाजाणता
चालेल. त्याच स्कीमावर लिहिण्याचा हक्क, बाकी सगळीकडे फक्त वाचणं. आणि त्या युजरला त्या एकाच आयपीवरून लॉगिन करू द्या.