हॉट एअर बलूनचे फोटो काढायचेत: कुठे जावं, काय न्यावं?

देवगडकर: पक्षी, पवनचक्क्या, बंदरातले ट्रॉलर सगळं टिपून झालं. आता बलूनचे फोटो काढायची हौस आहे. किनारपट्टीवर कुठे उडतात का? कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा, 18-55 आणि 55-250 मिमीच्या दोन लेन्स आहेत. नवी लेन्स सुचवू नका, घरात आधीच बोलणी खातोय.

मालवणचो_झील: बलून? हंय? माडात अडाकतला मा तां! तारकर्लीक येवा, पॅरासेलिंगचे फोटो काढा.

खारावारा: झील गमतीत बोलला, पण मुद्दा बरोबर आहे. बलूनला सुकाणू नसतं. पायलट फक्त वर-खाली करतो, बाकी वारा नेईल तिकडे. हवा शांत म्हणून उड्डाणं पहाटे होतात, आणि आपल्याकडे पहाटे मतलई वारा, म्हणजे तोंड थेट समुद्राकडे. दिवसा खारे वारे उलटे डोंगरात ढकलणार. उतरायला मोकळं सपाट रान तरी कुठाय?

जवळचं म्हणजे घाट चढून कामशेत-लोणावळा. पण तिथे एखाददुसरंच बलून, फ्रेम रिकामी वाटते. त्यापेक्षा जानेवारीत पोंगलच्या सुमारास तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा बलून महोत्सव गाठा. 2015 पासून भरतो. कोकण रेल्वेने कोइमतूर, पुढे 40 किमी. तारखा पक्क्या झाल्याशिवाय तिकीट काढू नका, मात्र आरक्षण 60 दिवस आधी उघडतं हे लक्षात असू द्या.

देवगडकर: मस्त! लेन्स पुरतील ना?

सड्यावरची_आजी: पुरतील रे बाळा. अंधार असतानाच मैदानावर पोच. कापड जमिनीवर पसरून आधी पंख्याने गार हवा भरतात, मग बर्नर. त्या वेळी छोटी लेन्स 18 वर ठेव, पायलटला विचारून बलूनच्या तोंडासमोर पण बाजूला उभा राहा. आतून रंगीत घुमट दिसतो. उडाल्यावर 55-250. आकाशाचं मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) धरलंस तर बलून काळवंडेल, कापडावर स्पॉट मीटरिंग कर, म्हणजे तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोज.

रात्रीचा ग्लो वेगळा. दोरांनी बांधलेली बलून बर्नरच्या ज्योतीने थांबून थांबून उजळतात, ज्योत एक-दोन सेकंदच. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800 च्या आसपास, शटर 1/30 सेकंद, बर्स्ट (सलग फोटो) आणि रॉ (कच्ची फाइल). आकाशात निळाई उरलीय तोवरच, मग पाठ काळीकुट्ट होते. सराव घरीच कर: दिवाळीत आकाशकंदील लाव आणि तिन्हीसांजेला कागदाचा रंग न जळता कसा येतो ते बघ. मी नातवाला तसंच शिकवलं.

मालवणचो_झील: आजी, तुमका दंडवत!

खारावारा: आणि एक. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल. आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा.

देवगडकर: तवा मागायची हिंमत तेवढी गोळा करतो. पोल्लाचीला आणखी कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खोली वाटून घेऊ.