फायटर मिळणं हे निव्वळ नशीब नाही

हवाई दलाच्या वैमानिकाला 'फायटर, म्हणजे लढाऊ विमान, मिळणं म्हणजे नशीब' असं इथल्या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. हवाई दलात दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस या सुरुवातीच्या प्रशिक्षण विमानावरचं उड्डाण झालं की फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. त्यात गुणवत्ता, कॅडेटची पसंती आणि दलाची गरज हे तिन्ही धरतात. गरज आपल्या हातात नाही, गुणवत्ता आहे.

ती वाढते उड्डाणाच्या आदल्या रात्री. खुर्चीत बसून, डोळे मिटून अख्खी सॉर्टी (उड्डाणाची एक फेरी) मनात उडवायची: चेकलिस्ट, वेग, उंची, रेडिओवरचे शब्द, हात कुठे जाणार तेसुद्धा. हे तोंडपाठ असलं की हवेत डोकं बाहेर बघायला मोकळं राहतं, आणि प्रशिक्षक नेमकं तेच बघतात. डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, सांगितलेली चूक पुढच्या सॉर्टीत दिसता कामा नये. ग्राउंड विषयांचे, म्हणजे वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे, गुणही सोडू नका.

बारावीतल्या मुलांनी आधी पायांची लांबी मोजून घ्यावी, कॉकपिटला मर्यादा असतात. वैमानिक निवडीची सीपीएसएस ही संगणकीकृत चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा झोप पूर्ण करूनच जा. सुखोई की राफेल हा प्रश्न फार पुढचा, बिदरला हॉक या प्रशिक्षण जेटवरचं प्रशिक्षण झाल्यानंतरचा.