बर्फाखाली हिरवं राहणारं ‘व्हिंका’ सोलापुरात लिंबाखाली लावता येईल का?

लिंबाखाली, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा सविस्तर विचारते, नुसतं झाडाचं नाव सांगितलं तर मला काय हवंय ते कळायचं नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबर ते मार्च जर्मनीत, श्टुटगार्टला होते. एवढे दिवस सोलापूर सोडून राहायची ही पहिलीच वेळ, यंदा गड्ड्याची यात्राही चुकली. तिच्या घरामागे बर्चचं झाड आहे. हिवाळ्यात त्याच्यावर एक पान नव्हतं. एका सकाळी पारा उणे आठवर होता आणि जावई फावड्यानं वाटेवरचा बर्फ काढत होते. कडेचा एक थर घसरला आणि खालून हिरवंगार काहीतरी दिसलं. मी हातमोजा काढून बोटांनी बर्फ बाजूला केला. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी पानं, जोडीजोडीनं समोरासमोर लागलेली, जाडसर, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. एकही पान काळं पडलेलं नाही, की मऊ झालेलं नाही. दांड्या जमिनीला धरून पसरलेल्या, जिथं गाठ टेकली तिथं मूळ फुटलेलं. उंची वीतभरसुद्धा नाही.

शेजारच्या बाई त्याला ‘इमरग्र्यून’ म्हणाल्या. लेकीनं अर्थ सांगितला, कायम हिरवं. शास्त्रीय नाव व्हिंका मायनर. तिकडे झाडाखाली, घराच्या उत्तरेला, उतारावर माती धरून ठेवायला, जिथं गवत जगत नाही तिथं हेच लावतात. त्याच्यातूनच वसंतात क्रोकसचे आणि नरगिसाचे कोंब वर येतात. मी निघाले त्या आठवड्यात त्याला निळी-जांभळी फुलं यायला लागली होती.

आता माझं अंगण. मधोमध बावीस वर्षांचा लिंब आहे, ह्यांनी लावलेला. त्याच्याखाली दहा बाय बारा फूट जागा दगडासारखी कडक. दोनदा हरळी लावली, दोन्ही वेळा गेली. एप्रिलमध्ये वारं सुटलं की तिथली सगळी धूळ ओसरीवर. नळाला पाणी चार दिवसांआड. तिथं जमिनीवर काहीतरी जिवंत असावं, एवढीच इच्छा आहे.

परत आल्यावर ऑनलाइन ‘व्हिंका’ नावाचं बी मागवलं, जूनमध्ये कुंडीत पेरलं. रोपं चांगली उगवली, पण ती अगदी सदाफुलीसारखी दिसतात! मला फसवलं का? आणि लेक दिवाळीला येणार आहे, तिला खऱ्या इमरग्र्यूनच्या चार फांद्या आणायला सांगू का?

काळी माती, विजापूर रोड

ताई, फसवलेलं नाही. तुमच्या कुंडीत सदाफुलीच आहे, आणि आपल्याकडे बियांच्या धंद्यात सदाफुलीलाच व्हिंका म्हणतात. माझ्याही रोपवाटिकेत तोच शब्द चालतो. मात्र पाकिटावर फोटोखाली मराठीत सदाफुली लिहायला त्यांचं काय जात होतं, असं मलाही वाटतं.

तुम्ही पाहिलेली वेल इथं जगणार नाही. तीस वर्षं याच धंद्यात आहे, थंड हवेची रोपं आणून मेलेली पुष्कळ पाहिलीत. लोक म्हणतात, सावलीत ठेवू, पाणी घालू. दिवसाचं ऊन सावलीनं अडतं हो, पण मे महिन्यातल्या रात्रीचं काय करणार? दिवसा झाड अन्न तयार करतं, रात्री त्यातलं थोडं श्वसनात खर्च करतं. रात्र गार असली तर खर्च कमी. आपल्याकडे मध्यरात्रीसुद्धा ओसरीची फरशी कोमट लागते, तेव्हा थंडीच्या झाडाची कमाई खर्चातच संपते. त्यातून आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. अशा ओलीत त्या वेलीच्या दांड्या कुजतात.

लिंबाखालची जागा अवघड असते. नुसती सावली नाही, कोरडी सावली असते ती, कारण वरवरच्या मुळ्या सगळं पाणी ओढून घेतात. आणि ऐन पाडव्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चात लिंब पान टाकतो, म्हणजे ऊन चढायला लागतं तेव्हाच सावली विरळ होते. हरळी तिथं गेली ती यामुळेच, तिला भरपूर ऊन हवं आणि पाणीही.

माझं ऐकाल तर रोहिओ लावा. वरून हिरवी, खालून जांभळी पानं असतात ती. कडेला, जिथं थोडं ऊन येतं तिथं पर्पल हार्ट. हिला सावली जास्त झाली तर जांभळा रंग फिका पडून हिरवट होते, म्हणून कडेलाच. दोन्हीच्या अंगात पाणी साठलेलं असतं, चार दिवसांआड पाण्यावर आरामात राहतात. आणि ही पण बारमाही हिरवी आहेत.

कुदळ घालून खणू नका, लिंबाच्या मुळ्या तुटतील. शेणखत मिसळलेली माती तीन बोटं पसरा, खोडापासून दोन फूट मोकळं सोडा, खुरप्यानं खड्डा करून नऊ-नऊ इंचांवर फांद्या खोचा. तुमच्या जागेला दोनशेवर रोपं लागतील, पण तेवढी विकत घेऊ नका. चाळीस घ्या, पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच फांद्या तोडून उरलेली जागा भरा. बोअरचं पाणी खारं असेल तर ते टाळा. छाटताना हातमोजे घाला, चिकानं काहींना खाज सुटते.

बार्शीकर, सध्या क्लीव्हलँड

काकू, तुमचं बर्फाचं वर्णन वाचून थांबलोच. आमच्या घरामागे हीच वेल आहे, इथं तिला पेरिविंकल किंवा मर्टल म्हणतात. उणे तीसपर्यंत टिकते. बर्फ तिला पांघरुणासारखा होतो, वर कितीही थंडी असली तरी बर्फाच्या थराखाली तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. तिला खरा त्रास होतो तो बर्फ नसताना सुटणाऱ्या कोरड्या गार वाऱ्याचा, तेव्हा पानांच्या कडा करपतात.

पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपातून आलेल्या लोकांनी ती अमेरिकेत बागेसाठी आणली आणि ती जंगलात शिरली. आमच्या मागच्या झाडीत तिनं अशी सतरंजी घातलीय की खाली इथली मूळची रानफुलं उगवूच शकत नाहीत. गेली तीन वर्षं वसंतात आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून ती उपटतोय. गाठ राहिली की परत फुटते. जुन्या दफनभूमीतही ती मुद्दाम लावायचे. लाकडी खुणा कुजून गेल्या तरी झाडीत पेरिविंकलचा पट्टा दिसला की तिथं जुनी थडगी असावीत, असा अंदाज बांधतात. जिथं तिचं मूळ घर आहे, म्हणजे युरोपात, तिथं ती शोभते. इथं मी ती कुणाला देत नाही.

पानफूल, पुणे

वनस्पतीशास्त्र शिकवायचे, म्हणून दोन गोष्टी.

नावाचा घोळ जुना आहे. लिनियसनं १७५९ साली सदाफुलीला व्हिंका रोझिया असं नाव दिलं. पुढं ती वेगळ्या प्रजातीत गेली आणि कॅथरँथस रोझियस झाली, पण बाजारानं जुनं नाव सोडलं नाही. ती मूळची मादागास्करची, त्यामुळे ऊन तिला मानवतं. इमरग्र्यून आणि सदाफुली एकाच कुळातल्या, नात्यानं चुलत बहिणी म्हणा. सदाफुलीपासूनच व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. मात्र पानांचा रस मधुमेहावर म्हणून घरी कुणी घेत असेल तर कृपा करून थांबवा, ती पानं विषारी आहेत.

दुसरं, फांद्या सामानात आणायला लेकीला अजिबात सांगू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसताना परदेशातून रोप आणता येत नाही. एका फांदीबरोबर कुठली बुरशी, कुठली कीड येईल ते डोळ्यांना दिसत नाही. गाजर गवताची नोंद १९५० च्या दशकात इथं पुण्यात झाली होती, आज ते तुमच्या सोलापूरच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे.

लिंबाखाली, जुळे सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला त्याच दिवशी कळवलं, फांद्या आणू नकोस.

काल तिनं व्हिडिओ कॉलवर फोन अगदी जमिनीलगत धरून इमरग्र्यून दाखवलं. आता फुलं नाहीत, नुसती पानं. मी इकडे कुंडीतलं सदाफुलीचं रोप फोनसमोर धरलं. दोन्हीकडे पानांच्या तशाच समोरासमोर जोड्या, मधली शीर तशीच फिकट, तकाकी तीच. लेकीनं मार्चमध्ये काढलेला फुलाचा फोटो काढून पाहिला, त्याच्या पाच पाकळ्या एकाच दिशेला किंचित वळलेल्या, भिंगरीसारख्या. आमच्या धुण्याच्या दगडाच्या फटीत आपोआप आलेली सदाफुली आहे, तिचं फूल खुडून शेजारी धरलं. तसंच वळण. इतकी वर्षं त्या दगडावर धुणं धुतलं, पण पाकळीचं वळण कधी पाहिलं नव्हतं.

रोहिओ विकत घ्यावी लागली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडे गच्चीवर भरलेली होती, त्यांनी सेहेचाळीस फांद्या दिल्या. काळी माती दादांनी सांगितलं तसं खत-माती पसरून परवा संध्याकाळी उत्तरेच्या अर्ध्या भागात लावल्या. कुंडीतली अकरा सदाफुलीची रोपं दक्षिणेच्या भिंतीशी, पूर्ण उन्हात लावली.

नळाला पाणी आता गुरुवारी. तोपर्यंत भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून तांब्यानं एकेका फांदीला घालतेय.