कातळावर हातभर माती असेल तिथे स्लरी टाकायला सरळ बंदी हवी. पटतंय का?

निवळ_पाणी

लांबलंय थोडं पण वाचा. शेतीमुळे भूजल खराब होतं हा विषय निघाला की सगळे "पिकाला लागेल तेवढंच खत द्या" इथे येऊन थांबतात. जाड मातीच्या भागात ते ठीक आहे, पण जिथे खाली भेगाळलेला कातळ आणि वर जेमतेम हातभर माती आहे तिथे एवढ्याने भागत नाही असं माझं आता ठाम मत झालंय. अशा जमिनीवर स्लरी (शेण, मूत्र आणि पाणी यांचं पातळ मिश्रण), पातळ शेण, गोठा धुतलेलं पाणी सोडायला बंदीच पाहिजे.

कारण असं की पाणी गाळायचं काम माती करते, कातळ करत नाही. मातीत पाणी कणाकणातून उतरतं, जंतू अडकतात आणि मरतात, नायट्रेटमधलं (म्हणजे खतातलं, पाण्यात विरघळणारं नत्र) बरंचसं मुळं उचलतात. एकदा का पाणी भेगेत शिरलं की गाळणं संपलं, पुढे मोकळी वाट. त्यात भेगेचं गणित असं आहे की रुंदी दुप्पट झाली तर त्याच दाबावर पाणी दुप्पट नाही तर आठपट वाहतं, त्यामुळे बाकी सगळा कातळ घट्ट असला तरी एखादी मोठी भेग पुरते. चुनखडीत तर भेगा झिजून पार बोगदे होतात. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी इमेंडिंगेनजवळ जमिनीत गडप होतं तिथे हिरवा रंग सोडून बघितला होता, तो साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यातून बाहेर आला. साठ तास! एवढ्यात कोणता जंतू मरणार आहे.

आणि वॉकरटन. कॅनडात ऑन्टारियो प्रांतातलं जवळपास ५,००० वस्तीचं गाव. मे २००० मध्ये चार-पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस झाला, गावाच्या ५ नंबरच्या विहिरीत शेजारच्या शेतातल्या शेणातले जंतू उतरले, ७ माणसं गेली आणि २,३०० च्या आसपास आजारी पडली. ती विहीर फक्त ५ ते ८ मीटर खोलीवरच्या, खूप भेगा असलेल्या कातळातून पाणी घेत होती आणि त्या कातळावर माती थोडीच होती. नंतर जी न्यायालयीन चौकशी झाली तिने काय म्हटलं माहितीये? त्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही, त्याने शेणखत योग्य पद्धतीनेच टाकलं होतं. माझ्या डोक्यातून हीच गोष्ट जात नाही. माणसाने सगळं नियमात केलं आणि तरीही माणसं मेली, म्हणजे नियमच अपुरा होता ना?

साठ_गाई

माझ्याकडे ६० गाई आहेत म्हणून हे नाव, तेव्हा मी कोणाच्या बाजूने बोलणार ते उघड आहे. पण वॉकरटनची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत ताई/दादा जे कोण असाल ते. तिथे पाणीपुरवठा चालवणारे लोक क्लोरीन कमी टाकत होते आणि वहीत खोटे आकडे लिहीत होते. क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारं यंत्र त्या विहिरीवर असतं तर हे टळलं असतं, हे पण त्याच चौकशीत आलंय. मग बंदी माझ्या शेतावर का?

दुसरं म्हणजे बंदी म्हणणं सोपं आहे हो, स्लरी टाकू कुठे ते सांगा. गाई काही शेणाला सुट्टी देत नाहीत, टाकी भरतेच. माझी निम्मी जमीन कातळावरची आहे, ती मी निवडून घेतलेली नाही, वाडवडिलांनी जशी ठेवली तशी मिळाली. उरलेल्या निम्म्या जमिनीवर सगळी स्लरी ओतली तर तिथे प्रमाणाबाहेर होणार, मग त्यावर तुम्हीच वेगळा धागा काढाल. आणि शेण बंद केलं तर मी काय करीन, पोत्यातला युरिया आणीन, त्याचा नायट्रेट त्याच भेगेतून खाली जाईल. जंतू नसतील एवढंच.

निवळ_पाणी

क्लोरीनचं मी लिहायला हवं होतं, चूक मान्य. पण विचार करा, ते गावाचं सार्वजनिक पाणी होतं म्हणून तिथे क्लोरीन टाकायला कोणीतरी नेमलेलं तरी होतं. शेतावरच्या घराच्या विहिरीला, बोअरला कोण आहे? पंप सुरू केला की थेट घागरीत. बहुतेक घरांत पाणी वर्षानुवर्षं तपासलेलंही नसतं कारण दिसायला ते स्वच्छच असतं.

युरियाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण जंतू आणि नायट्रेट एका तराजूत घालू नका, जंतू एका रात्रीत माणूस आडवा करतात.

बाळंतविडा

नायट्रेटला हलकं घेऊ नका प्लीज. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला ते पाणी फार वाईट. रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. अमेरिकेत आयोवात एका डॉक्टरांनी १९४५ सालीच विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवला होता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे ती मुख्यतः या बाळांसाठीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून तो दाट होतो. आपण बाळाचं पाणी काळजीने जास्त वेळ उकळतो, इथे तेच उलटं पडतं. घरात लहान बाळ येणार असेल तर आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या, एवढं तरी करा.

केसिंग_पाईप

मी बोअरच्या कामातला माणूस. तुम्ही सगळे शेतावर भांडताय पण निम्मा घोळ बोअरच्या तोंडाशी असतो. केसिंग म्हणजे बोअरला आतून बसवलेला पाईप, तो मातीतून जेमतेम कातळाला टेकवलेला असतो, बाहेरची पोकळी सिमेंटने भरलेली नसते, नुसती माती ढकललेली असते. पाऊस पडला की पाणी पाईपच्या कडेने सरळ खाली. वर तोंड जमिनीच्या पातळीला, झाकण म्हणून फरशी. असल्या बोअरला स्लरी कशाला हवी, अंगणातला चिखल पुरतो. वरच्या भेगा ओलांडून केसिंग खोल नेलं आणि बाहेरून सिमेंट नीट भरलं तर जंतूंचा त्रास बऱ्याच ठिकाणी कमी होतो. हे काम एकदाच करायचं असतं, बंदी दरवर्षी पाळायला लागते. आधी हे करा की.

भेगांचा_नकाशा

केसिंगचं म्हणणं खरं आहे पण ते नेहमी पुरत नाही. उभ्या भेगा आडव्या भेगांना खोलवर मिळालेल्या असतात, त्यामुळे केसिंगच्या खालच्या टोकाशीही तेच पाणी येऊ शकतं, थोडं फिरून. त्यात पंप जोरात चालवला की आजूबाजूच्या भेगांतलं पाणी आपणच ओढून घेतो. आणि तुमच्या बोअरने तुमचं घर वाचेल, खालचा साठा तसाच खराब होत राहणार.

मला बोलायचंय ते वेगळं. या कातळात दोन घड्याळं चालतात आणि भांडण होतं ते दोन्ही एकत्र करण्यामुळे. जंतूंचं घड्याळ जलद. मोठा पाऊस, भेगेतून धावणारं पाणी, दोनचार दिवसांत विहीर बिघडते आणि काही आठवड्यांनी आपोआप सुधारलेली दिसते. म्हणून तपासणी कोरड्या दिवसांत केली की रिपोर्ट स्वच्छ येतो आणि लोक निर्धास्त होतात. पावसानंतर, पाणी जमिनीत मुरत असतं तेव्हा नमुना घ्यायला पाहिजे.

नायट्रेटचं घड्याळ संथ आहे. भेगेत पाणी वाहतं पण भेगांच्या मधला दगड जर सच्छिद्र असेल तर नायट्रेट हळूहळू त्या दगडात शिरून बसतो. पुढे तुम्ही खत कमी केलं, भेगेतलं पाणी स्वच्छ झालं, की तोच दगड साठवलेला नायट्रेट परत सोडायला लागतो, कित्येक वर्षं. इंग्लंडमधल्या खडूच्या खडकात (मऊ, सच्छिद्र चुनखडीत) तर नायट्रेट वर्षाला मीटरभर वेगाने खाली उतरतोय, म्हणजे आज विहिरीत येतंय ते काही ठिकाणी आजोबांच्या काळातलं खत आहे. त्यामुळे होतं असं की बंदी घातली, पाच वर्षांनी नायट्रेट मोजला, काही फरक नाही, मग शेतकरी म्हणतो बघा आमचा दोष नव्हताच, आणि नियम मोडीत निघतो. बंदी यशस्वी झाली का हे आधी जंतूंवरून बघा, नायट्रेटसाठी पुढच्या पिढीपर्यंत धीर धरावा लागेल असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

निवळ_पाणी म्हणतात तसा मातीच्या जाडीचा नियम कुठे नाहीच असं मात्र नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने भेगाळ डोलोमाइटच्या (चुनखडीसारख्या खडकाच्या) भागासाठी जुलै २०१८ पासून तो आणलाय. कातळ २ फुटांच्या आत असेल तर यंत्राने शेणखत टाकायला मनाई, आणि पुढे २० फुटांपर्यंत थर जसा पातळ तशा अटी कडक. आयर्लंडमध्ये झिजलेल्या चुनखडीच्या उघड्या जागांपासून १५ मीटरच्या आत खत टाकता येत नाही. म्हणजे हे करता येतं, पण सरसकट बंदी नाही, पायऱ्या आहेत.

शोषखड्डा

शेतकऱ्यालाच धरायचं हे मला खटकतं. त्याच विस्कॉन्सिनमध्ये, क्युवॉनी काउंटीत, विहिरींचे नमुने घेऊन जंतू कोणाच्या पोटातले ते शोधलं तर गुरांचे पण सापडले आणि माणसांचे पण. माणसांचे आले ते घरांच्या सेप्टिक टाकीतून. कातळावर हातभर माती असेल तर शोषखड्डा पण त्याच भेगेत रिकामा होतो ना? घराला वेगळा न्याय आणि गोठ्याला वेगळा असं कसं चालेल.

निवळ_पाणी

अजिबात चालणार नाही, शोषखड्ड्यालाही तोच नियम लावा, माझी हरकत नाही. पण त्याच विहिरींवरून आजारपणाचा जो अंदाज बांधला गेला त्यात मोठा वाटा गुरांच्या शेणाचाच निघाला हेही सांगा. ६० गाईंचं शेण आणि एका घराचा संडास, प्रमाण तर बघा. शेणाला शिवी म्हणून हे बोलत नाहीये मी, शेण हे सोनंच आहे, फक्त ते मातीत राहिलं पाहिजे.

साठ_गाई

ठीक. पायऱ्या म्हणताय तर बोलता येईल. पण माझ्या मूळ प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही. मोठी टाकी बांधायची म्हणजे पावसाळा काढता येईल, स्लरी लांबच्या जाड मातीच्या शेतात न्यायची, कातळावर गवत ठेवायचं, हे सगळं मला कळतं, मी अडाणी नाही. खर्च कोणाचा? पाणी सगळ्यांचं म्हणता आणि बिल मात्र माझ्या एकट्याच्या नावावर. दूध महाग झालं की हेच लोक बोंबलणार.

भेगांचा_नकाशा

खर्च वाटून घेतल्याची उदाहरणं आहेत. म्युनिक शहर १९९२ पासून आपल्या पाण्याच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी पैसे देतंय, कारण पाणी नंतर साफ करण्यापेक्षा शेतातच सांभाळलेलं बरं असा त्यांचा हिशोब होता. फ्रान्समध्ये व्हिटेलला बाटलीबंद पाणी काढणाऱ्या कंपनीने झऱ्यांच्या वरच्या शेतकऱ्यांशी १८ ते ३० वर्षांचे करार केले, मका सोडा, गुरं कमी करा, शेणाचं कंपोस्ट करा, आणि बदल्यात पैसे, गोठ्याची सुधारणा, कंपोस्ट पसरायला मजूरसुद्धा कंपनीचे. तिथे फर्मान निघालं नव्हतं, शेतकऱ्यांशी कित्येक वर्षं बोलणी चालली होती.

केसिंग_पाईप

तिथे पैसे देणारं मोठं शहर किंवा कंपनी होती. चार घरांच्या वस्तीत विहीर पण त्यांचीच आणि गुरं पण त्यांचीच, तिथे कोण कोणाला देणार? तिथे सरकारनेच द्यायला पाहिजे, नाहीतर हे कागदावरच राहणार.

निवळ_पाणी

हो, आणि माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हीच उणीव होती, कबूल करतो. टाकी आणि वाहतुकीचे पैसे मिळाल्याशिवाय बंदी लादली तर लोक रात्री स्लरी सोडतील, ते जास्त वाईट. तरी एका गोष्टीवरून मी हटणार नाही. दोन फुटांच्या आत कातळ असेल आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी तिथे टँकर न्यायचा नाही. याला अनुदान लागत नाही, अंदाज बघायला लागतो.

साठ_गाई

पावसाच्या आधी टाकत नाही मी, त्यात खत वाहून जातं, माझंच नुकसान आहे.

काल पहार घेऊन फिरलो त्या निम्म्या जमिनीत. दर वीस पावलांवर ठोकून बघितली. मला वाटत होतं सगळीकडे सारखीच असेल. वरच्या अंगाला कमरेएवढी गेली, मधे गुडघ्याएवढी, आणि विहिरीच्या बाजूचा जो कोपरा आहे तिथे वीतभर गेली की खण्ण. तीन ठिकाणी तसंच. टँकर तिथूनच वळवतो आम्ही, त्यामुळे सगळ्यात जास्त तिथेच पडत असणार. या वर्षी तो कोपरा सोडतोय, गवत लावीन. बंदीला माझा विरोध आहे तो आहेच. पाण्याचा नमुना पावसानंतर नक्की किती दिवसांनी घ्यायचा ते मात्र सांगा.

भेगांचा_नकाशा

मोठा पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत एक घ्या, आणि आठवड्याने परत एक. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, नळाचं तोंड आधी निर्जंतुक करून घ्या, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, उशीर झाला तर जंतूंचा आकडा धरता येत नाही. नायट्रेट पण सोबत सांगा करायला.